पोटात घाल

धर्माजीला नऊ मुलं होती आणि त्याला किळस फार यायची. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला कशा आल्या, ते काशीदच्या अलीकडच्या त्या कोळीवाड्यात कुणालाच उलगडलेलं नव्हतं. बरं, माशाची त्याला घाण वाटत नसे. जाळ्यात अडकून फुगलेला बांगडा तो दोन बोटांनी उचलून दर्यात भिरकवायचा आणि त्याच बोटांनी तंबाखू मळायचा. त्याची किळस फक्त घरच्या मालापुरती होती.

घरचा माल म्हणजे नऊ नाकं. त्यातली चार बारमाही वाहती. चार वर्षांच्या रघूच्या नाकाखाली तर दोन पांढऱ्या रेघा कायमच्या होत्या. एकदा त्याच्या आईनं, सोनाबाईनं, त्याला नाक पुसून आजोळी पाठवला, तर आजीनं ओळखलाच नाही. नलू जेवताना माशाचे काटे चोखून चोखून बापाच्या ताटाच्या कडेला ओळीनं मांडून ठेवी. मधली दोघं एकमेकांच्या डोक्यातल्या उवा काढून त्यांची झुंज लावत. आणि धर्माजीनं पहिला घास उचलला की कुणाला तरी हटकून शी लागायची, आणि ज्याला लागायची तो ती बातमी साऱ्या वाड्याला ओरडून सांगायचा.

घास हातात तसाच धरून धर्माजी डोळे मिटून घ्यायचा. सोनाबाई म्हणायची, "येवढी घाण वाटती तर नऊ कशाला केलीत?"

"करताना नाकं वाहत न्हवती," धर्माजी म्हणायचा.

या सगळ्यात वर्षाचा राजा दिवस म्हणजे नारळी पुनव. साऱ्या कोळीवाड्यात तो सण होता. धर्माजीच्या घरी तो एरंडेलाचाही दिवस होता. हे शास्त्र सोनाबाईचं. पावसाळाभर पोरांनी काय काय गिळलेलं असतं, ते एकदा निघालं पाहिजे. आणि पुनवेसारखा दुसरा दिवस नाही, कारण पुनवेच्या पहाटे ओहोटी लांबवर जाते. पुळण सगळी मोकळी. नऊ पोरं सोडली तरी एकाला दुसऱ्याचा धक्का लागत नाही, आणि दुपारी उधाणाची भरती येऊन सगळं धुवून नेते. हांडा नको, खराटा नको.

आता नऊ पोरं एरंडेल अशीच पीत नाहीत. आधी बापानं प्यायचं, मग त्यांनी, असा घरचा कायदा होता. पहाटे चुलीपुढं सुंठीच्या चहाचे दहा पितळी पेले लागायचे. नऊ पेल्यांत एरंडेल तरंगत असायचं. दहावा, कडेला पोचा आलेला, धर्माजीचा. त्यात नुसता सुंठीचा चहा. हे गुपित नवराबायकोतलं. धर्माजी तो पेला तोंडाला लावायचा, मान वेळावायचा, डोळे फिरवायचा, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढायचा आणि शेवटी अंगभर शहारा आणून दाखवायचा. पोरं थक्क होऊन बघत राहायची. एवढं सोसून बाप जिवंत आहे म्हटल्यावर तीही प्यायची.

त्या साली मात्र गोष्ट वेगळी होती. दर्याला सोन्याचा नारळ वाहायचा मान त्या साली धर्माजीच्या घरी आला होता.

सोन्याचा म्हणजे सोनेरी कागद लावलेला. पण त्याचे नियम खऱ्या सोन्यापेक्षा कडक. नारळ घरातून एकदा हातात घेतला की तो दर्यातच सोडायचा. मधे खाली ठेवला, दुसऱ्याच्या हातात दिला, किंवा वाट सोडून आडोशाला गेलं, की मान बुडाला. मग पुन्हा पाळी कधी येईल ते दर्यालाच ठाऊक. धर्माजीच्या बापाची पाळी आली होती तेव्हा भर मिरवणुकीत त्याच्या हातातला नारळ पडला, गडगडत गेला आणि एका कुत्र्यानं तो हुंगला. तेव्हापासून सारा वाडा त्यांना 'पडक्या नारळाचे' म्हणत असे. बाप गेला, नाव राहिलं. पोरांना शाळेतसुद्धा मास्तर विचारायचे, "पडक्या नारळाची कोण कोण आलीत?" आणि बाकावरून नाकं ओढत अर्धा वर्ग उभा राहायचा.

धर्माजीला ते नाव आज बुडवायचं होतं.

"यंदा एरंडेल राहू दे," तो आदल्या दिवशी म्हणाला.

"वा! मान आपल्या घरात आनि पोटं घान?" सोनाबाई म्हणाली. "तुमाला कुटं प्यायचं हाय? तोंड तेवढं वाकडं करायचं."

हे खरं होतं.

पुनवेच्या पहाटे पेले लागले. पोरं ओळीनं बसली. धर्माजीनं पोचा आलेला पेला उचलला, घसा खाकरला आणि आता मान वेळावणार, एवढ्यात बापाच्या मांडीला चिकटून बसलेला रघू शिंकला. साधा शिंकला नाही, मनापासून शिंकला. नाकाखालच्या दोन रेघांपैकी एक त्याच्या नाकावरून नाहीशी झाली आणि धर्माजीच्या चहावर हलकेच तरंगू लागली.

धर्माजीनं पेल्यात पाहिलं. पेल्यातून जणू कुणीतरी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पेला हातभर लांब धरला.

"दुसरा," तो कसाबसा म्हणाला.

सोनाबाई चुलीत फुंकर घालत होती. तिनं मागं न बघताच हाक दिली, "केसर, बाबाला दुसरा पेला भरून दे गं."

केसर थोरली, तेरा वर्षांची, घरातलं एकमेव कोरडं नाक. सांगितलेलं काम चोख करणारी पोर. गुपित तिला माहीत नव्हतं. तिनं चहा ओतला, बाटली उचलली, एरंडेल ओतलं. मग मनाशी विचार केला की बाबा अंगानं मोठा, त्याला पोराएवढं पुरायचं नाही. म्हणून आणखी तेवढंच ओतलं.

पहिल्याच घोटाला धर्माजीला सगळं कळलं. जिभेवर काहीतरी जाड, कोमट आणि जुनं येऊन बसलं, जणू दिव्याखालचं तेल कुणीतरी आधी तोंडात धरून मग त्याला दिलं होतं. थुंकावं तर समोर नऊ जोड्या डोळे. एकदा बाप थुंकला असता, तर त्या घरात पुन्हा कुणी एरंडेल प्यायलं नसतं, शाळेत गेलं नसतं आणि बहुधा कुणी कुणाला बापही म्हटलं नसतं. तो प्यायला. घोटाघोटानं, तळ दिसेपर्यंत प्यायला. पेला खाली ठेवला तेव्हा त्याचा चेहरा दगडासारखा झाला होता.

पोरांमध्ये नाराजी पसरली.

"बाबाचं तोंड आज बरोबर न्हाय झालं," नलू म्हणाली.

"दरसाल जीभ काढतो," दुसरं कुणी म्हणालं. "आज बाबा खोटं प्यायला."

पण अखेर ती प्यायली, आणि उजाडता उजाडता सगळी फौज पुळणीवर पांगली. तिचं वर्णन नको. धर्माजी पडवीत पाठ करून बसला, तरी हाका त्याला ऐकू येत होत्या. कारण कुणाला काय झालं, किती झालं आणि कुणाचं लांब उडालं, हे पोरं एकमेकांना आनंदानं कळवत होती.

धर्माजीला मात्र काहीच झालं नाही. ऊन चढलं, भरती भरू लागली, तरी पोट शांत. आपल्या पोटानं आज मानाची लाज राखली, असं त्याला वाटू लागलं. त्यानं अंघोळ केली, लाल टोपी घातली, कोरा सदरा चढवला. सोनाबाईला त्यानं सकाळचं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती हसली असती, आणि ती हसली की भिंतीपलीकडल्या भागोजीला ऐकू जातं.

भागोजी म्हणजे गेल्या सालचा मानकरी. धर्माजीचा मान बुडावा आणि आपल्याच घरी परत यावा म्हणून तो धर्माजीच्या दारात सकाळपासून उभा होता, शेजारधर्म म्हणून.

"धर्मा, बग हो," तो म्हणाला. "ओला झाला का हातातून सुटतो. तुज्या बापाचा असाच सुटला."

"तू तुजं धोतर सांभाळ," धर्माजी म्हणाला आणि नारळ दोन्ही हातांत घेतला.

ताशा वाजला. मिरवणूक निघाली. आणि घराची पायरी उतरता उतरता धर्माजीच्या पोटात, अगदी खोल तळाशी, कुणीतरी बाकडं सरकवल्यासारखा आवाज झाला.

तो थांबला.

"काय झालं?" भागोजीनं लगेच विचारलं.

"काय न्हाय."

दुसरं बाकडं सरकलं. मग साऱ्या शाळेचीच बाकडी सरकली.

धर्माजीच्या कपाळावर घाम आला. माघारी फिरावं तर मान बुडाला. उजवीकडे केवड्याचं बन होतं, दाट, थंडगार; इतका सुंदर आडोसा त्याला जन्मात दिसला नव्हता. पण नारळ खाली ठेवता येत नव्हता, आणि ठेवता आला असता तरी भागोजी तो उचलायला टपलेलाच होता. मागून पोरं येत होती, धुतलेली, केस चापून बसवलेली. ती आजपासून पडक्या नारळाची राहणार की नाही, हे आता त्याच्या एका स्नायूवर ठरायचं होतं. आणि तो स्नायू थकत चालला होता.

उरला दर्या. दर्या समोर होता, आणि नियमात एवढंच होतं की नारळ तिथं सोडायचा. किती वेगानं पोचायचं, त्याबद्दल पूर्वजांनी काही म्हणून ठेवलं नव्हतं.

धर्माजीनं पाय उचलला. आधी भरभर, मग तरातरा, मग सरळ धाव. ताशेवाल्याला वाटलं आपणच मागं पडतोय; त्यानं हात भरभर चालवला. म्हाताऱ्या नऊवारी खोचून पळू लागल्या. धर्माजीचे डोळे तारवटलेले, दात गच्च, मान ताठ, आणि अंगावर मधूनच असा शहारा येत होता की पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

"आलं! धर्माजीच्या अंगात आलं!" कुणी बाई किंचाळली.

मग तर गर्दी वेडीच झाली. आवडाबाई वाटेत आडवी आली आणि तिनं त्याच्या पायांवर लोटांगण घातलं. तिचा चंदर तिशीला आला होता आणि त्याला मुलगी मिळत नव्हती.

"देवा, माज्या चंदरचं कधी व्हयाचं?"

"आत्ता!" धर्माजी ओरडला. "आत्ता व्हईल! बाजूला हो!"

"आत्ता व्हईल म्हंतो!" आवडाबाई रडत बाजूला झाली. (चंदरचं लग्न त्याच महिन्यात जमलं. मुलगी चौलची, घरची बरी.)

भरती पुळणीच्या वरपर्यंत आली होती. आजवर प्रत्येक मानकऱ्यानं घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून नारळ सोडला होता. धर्माजी घोट्याशी थांबला नाही. गुडघ्याशी थांबला नाही. कोऱ्या सदऱ्यासकट कमरेएवढ्या पाण्यात गेला, लाटेला छाती दिली, नारळ अलगद पाण्यावर ठेवला, आणि दर वर्षी मानकऱ्यानं म्हणायचं असतं ते म्हणाला.

"दर्याराजा," तो म्हणाला, "चुकलंमाकलं पोटात घाल."

हे शब्द वाड्यानं पिढ्यान्पिढ्या ऐकले होते. पण इतके आतून निघालेले कधी ऐकले नव्हते. शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज कापला, मग एक लांबच लांब सुस्कारा सुटला, आणि त्याच्या चेहऱ्यावर अशी शांती पसरली की काठावरच्या बायांनी डोळ्यांना पदर लावले.

नारळ लाटेबरोबर आत गेला. मान राहिला होता.

धर्माजीनं डोळे उघडले, मागं वळून पाहिलं आणि त्याची शांती जागच्या जागी आटली. सारा कोळीवाडा तीर्थ घ्यायला पाण्यात उतरत होता.

"नको!" तो ओरडला. "हितं येऊ नका! लांब व्हा!"

"देव नको म्हंतो," लोक एकमेकांना म्हणाले. "पारख करतो आपली." आणि आणखी आत आले. त्याच्या भोवती कोंडाळं झालं. आवडाबाईनं ते पाणी डोळ्यांना लावलं. पोरं डुबक्या मारू लागली. रघूनं तर तोंड उघडं ठेवूनच बुडी मारली. त्याचं नाक आयुष्यात पहिल्यांदा स्वच्छ धुतलं गेलं, आणि कशानं, ते एकट्या बापाला ठाऊक होतं. भागोजी हात जोडून पुढं आला. त्यानं धर्माजीच्या अगदी बगलेतलं पाणी ओंजळीत घेतलं, तीनदा प्यायला आणि डोळे मिटून जीभ टाळ्याला लावली.

"धर्मा, माफ कर," तो भरल्या गळ्यानं म्हणाला. "मी तुज्या वायटावर व्हतो. खरा मान तुजाच. पानी बग, आज गोड लागतंय."

धर्माजीला पोटातून जी मळमळ आली तिच्यापुढं सकाळचं एरंडेल म्हणजे खीर होती. तोंड दाबून तो उभा राहिला. काठावर सोनाबाई तांब्या बुडवत होती, घरात शिंपडायला.

त्या रात्री वाड्यात त्याला कुणीही पडक्या नारळाचा म्हटलं नाही, नंतरही कुणी म्हटलं नाही. त्यानं नारळीभात खाल्ला नाही. आठवडाभर तो काठाजवळचा मासा खायला तयार नव्हता, आणि ते उपासाचं व्रत आहे असं लोकांनी ठरवून टाकलं.

त्या हंगामात सरंगा असा लागला की जाळी ओढताना खांदे सुटले. पुढच्या सालाची बैठक बसली तेव्हा भागोजीच उठून उभा राहिला. पाळी-बिळी गेली खड्ड्यात, मान धर्माजीकडेच पाहिजे, असं तो म्हणाला. फक्त त्याच्या अंगात आलं पाहिजे, तेवढं गेल्या सालासारखं. सगळ्यांनी माना हलवल्या.

नारळी पुनवेच्या पहाटे पेले लागले. आता रघू पाच वर्षांचा होता आणि दोन्ही रेघा जागेवर होत्या. पोचा आलेल्या पेल्यात नुसता सुंठीचा चहा होता, स्वच्छ. धर्माजी बराच वेळ त्यात बघत बसला. मग त्यानं तो पेला पुढं सरकवला.

"केसर," तो म्हणाला, "यात टाक गं."

सोनाबाईच्या हातातला पदर गळला. केसरनं बाटली उचलली. "गेल्या सालायेवढंच?"

धर्माजीनं डोळे फिरवले, मान वेळावली, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर आली आणि अंगभर शहारा आला. पेला अजून त्याच्या हातातही आला नव्हता.

"हां," नलू समाधानानं म्हणाली. "आता बाबाचं तोंड बरोबर झालं."