सायराच्या नावाचं पाणी

आखातातल्या रास अल खोरच्या त्या काजळलेल्या गल्लीत नूरुद्दीनच्या रेडिएटर दुरुस्तीच्या दुकानाबाहेर थंड पाण्याचा एक कूलर उभा होता. बायको गेली, त्या वर्षी त्याने तो तिच्या नावाने लावला. जाणाऱ्या-येणाऱ्याची तहान भागावी आणि त्याचं पुण्य, सवाब, सायराला पोचावा. मुलगा झैद म्हणाला होता, "अब्बा, नवा आणू. भंगार कशाला?" पण विकत आणलेल्या वस्तूत स्वतःचे हात कुठून येणार? नूरुद्दीनने टाकी भंगारातून निवडली, तांब्याच्या नळ्या वळवल्या आणि जन्मभर मोटारींची गळती बुजवणाऱ्या हातांनी प्रत्येक सांध्याला डाख दिला. रेडिएटरला देतात तोच. एक थेंब गळला नाही.

रोज सकाळी, कुणाचे ओठ लागण्याआधी, तो पहिल्या धारेची बाटली भरून ठेवी. दुपारी झैद ती अल कुसैसला घरी नेई, शहनाझसाठी. सुनेचं पहिलं मूल गेल्या वर्षी पोटातच गेलं होतं. आता पुन्हा पाचवा महिना होता. या खेपेला सायराचं पाणी तिला तारून नेईल, अशी नूरुद्दीनची श्रद्धा होती.

मैथिली पुण्याची, पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरीला. तिची जुनी गाडी तापायची, म्हणून ओळख. आठवड्यापूर्वी ती म्हणाली होती, "चाचा, सकाळी नळ उघडायच्या आधी एक बाटली भरू द्या."

"आमच्या पाण्याची परीक्षा? घे गो बाय! पास झालं तर सर्टिफिकेट फ्रेम करून लावतो."

आज ती आली, पण गाडीचं बॉनेट न उघडता स्टुलावर बसली.

"चाचा, पाण्यात शिसं आहे. मर्यादेच्या कितीतरी पट."

"म्हणजे लाइनचं पाणी खराब? मी सांगत होतोच झैदला."

"लाइनचं पाणी स्वच्छ आहे. शेजारच्या नळाचंही तपासलं मी." तिने कूलरच्या नळीकडे बोट दाखवलं. "शिसं तुमच्या डाखातलं आहे. इथल्या नळाला मीठ काढलेलं समुद्राचं पाणी येतं, आणि ते उपाशी असतं, चाचा. रात्रभर नळीत निजलं, की सांधे कुरतडत राहतं. पहिली धार सगळ्यात वाईट."

नूरुद्दीनने आपल्या हातांकडे पाहिलं. काळे, भेगाळलेले, आजवर कधीही न चुकलेले हात.

"पोटुशी बाई प्यायली तर?"

"कोण पितं?"

त्याने सांगितलं. मैथिलीने मान खाली घातली. "ताबडतोब बंद करा. आजच तिचं रक्त तपासून घ्या."

"आणि गेल्या वर्षीचं पोर?"

"ते आता कोणीच सांगू शकणार नाही."

ती 'हो' म्हणाली असती, तर तो छाती पिटून रडला असता. 'नाही' म्हणाली असती, तर कपाळ टेकून सजद्यात पडला असता. तिने त्याला मधल्या वाळूत उभं करून सोडलं, जिथे सावलीसुद्धा आपली वाटत नाही.

त्याने भरलेली बाटली गटारात ओतली आणि कूलरला येणारं पाणी मागून बंद केलं. दुपारच्या उन्हात एक पठाण ड्रायव्हर नळ फिरवून फिरवून दमला आणि हसला, "क्या चाचा, बीबी का सवाब पूरा हो गया?"

दुकान झैदवर सोडून नूरुद्दीन स्वतः घरी निघाला. वाटेत एक सोपं वाक्य त्याच्या जिभेवर येऊन बसलं: लाइन बंद आहे, पोरी, पाणी येत नाही. पण त्या वाक्याने तिचं रक्त तपासलं जाणार नव्हतं.

शहनाझने दार उघडलं. सासरा अवेळी आलेला पाहून, रिवाजाप्रमाणे, आधी त्याच्यासाठी पाण्याचा ग्लास भरून आणला. मग त्याचे रिकामे हात पाहिले.

"अब्बा, आज अम्मींचं पाणी नाही?"

"चप्पल घाल, डॉक्टरकडे जायचंय. त्या पाण्यात शिसं होतं. मी दिलेल्या डाखातलं. मला ठाऊक नव्हतं गो."

तिचा हात पोटावर गेला.

"गेल्या वर्षीही हेच पाणी होतं ना, अब्बा?"

"होय."

"मग माझं बाळ...?"

मैथिलीचंच वाक्य त्याला उचलावं लागलं. "ते आता कोणीच सांगू शकणार नाही."

शहनाझने त्याच्यासाठी भरलेला ग्लास त्याच्यापुढे ठेवला नाही. ती स्वयंपाकघरात परत गेली. मोरीत पाणी पडल्याचा आवाज आला. नूरुद्दीन कोरड्या घशाने दारातच उभा राहिला, ती चप्पल घालून येण्याची वाट पाहत.