सवयीची हाक

शिवणकाम करणाऱ्या मावशींना गिऱ्हाईक ओळखायला डोळे वर करावे लागत नसत. दारावरची थाप पुरायची. घाबरत टकटक करणारीनं कापड कमी आणलेलं असतं, दणादणा वाजवणारीला कपडा कालच हवा असतो. दोघींना मावशींचं उत्तर एकच: "या, उघडंच आहे." बोलतानाही पाय पायडलवरून निघायचा नाही.

त्या दिवशी मात्र सकाळपासून दाराला कडी होती. मावशींचा मुलगा गोदामात कारकून. गोदामातली तांब्याच्या तारांची रिळं गेली, आणि किल्ली याच्याकडे. ती त्यानं मालकाच्या मेहुण्याला दिली होती. पण मेहुण्याला चोर म्हणायचं म्हणजे मालकाच्या बायकोशी वैर, तेव्हा कारकूनच सोयीचा पडला. वकीलसाहेब ओळखीचे होते. त्यांच्या काळ्या कोटाचं अस्तर मावशींनी इतक्यांदा बदललं होतं की त्यात मूळचं काय उरलंय, यावरच खटला चालला असता.

"उद्या सकाळी मी त्याला घेऊन कोर्टापुढे उभा राहतो," ते म्हणाले होते. "आपणहून आलेल्याचं ऐकून घेतात. त्याआधी पोलिसांच्या हाती लागला, तर मेहुण्याचं नाव तोंडातून निघायच्या आत भलतंच काही कबूल करून बसेल. भित्रा आहे तो."

"आणि ते घरीच आले तर?"

"कोर्टाचा कागद नसेल तर उंबऱ्याबाहेर. आत कोणी जिवाच्या आकांतानं ओरडत असेल किंवा पळता माणूस त्यांच्या डोळ्यांदेखत घरात शिरला असेल, तर गोष्ट वेगळी. नाहीतर घरच्यांनीच या म्हटलं तर. तेवढं म्हणू नका."

"मी काय वेडी आहे?" मावशी म्हणाल्या.

दुपारी शाळेतल्या बाई आल्या. खिडकीतून खात्री करून सुनेनं दार उघडलं. बाईंनी झगा घालून पाहिला, कमरेत सैल करायला सांगितलं, खाण्याला दोष न देता कापडाला दिला, आणि गेल्या. कडी सासूनं लावली असेल असं सुनेला वाटलं, सुनेनं लावली असेल असं सासूला. दोघींनी वाटून घेतलेलं काम असंच मधल्या मधे राहतं.

मावशी झग्याच्या कमरेची शिवण घालत होत्या. दारावर थाप पडली. घाबरी नाही, दांडगी नाही, बेताची. असं गिऱ्हाईक मावशींना फार आवडायचं.

"या, उघडंच आहे."

दार उघडलं. कोणीतरी पायपुसण्यावर नीट बूट पुसले. पुरुषाचे बूट. मावशींनी मान वर केली तेव्हा फौजदार आत होता, आणि मागोमाग एक महिला शिपाई.

"बाहेर व्हा आधी!" मावशी उठल्या. मांडीवरचा झगा खाली पडला. "कागद दाखवा."

"कागद बंद दाराला लागतो, मावशी." फौजदार अगदी घरच्यासारखा बोलत होता. "आम्ही थाप मारली, तुम्ही या म्हणालात. आलो."

"मी गिऱ्हाईक समजून म्हटलं!"

"मग तसंच समजा."

स्वयंपाकघरातून सून धावत आली. "बूट पुसून आलात, उपकारच म्हणायचे. आता तसेच बाहेर जा."

"ताई, बोलावून घालवून देऊ नये."

घरात लपायला जागा ती कितीशी? कपडे घालून बघायचा कोपरा, त्याला पडदा. पडद्याखाली दोन अनवाणी पावलं दिसत होती.

"गिऱ्हाईक आहे तिथं," मावशी म्हणाल्या. "बाईमाणूस. कपडे बदलतेय."

"हरकत नाही," महिला शिपाई म्हणाली, "मीही बाईमाणूसच आहे."

ती निघाली, पण पडद्याला हात लावावा लागलाच नाही. आईला आणखी एक खोटं बोलावं लागू नये म्हणून की काय, मुलगा स्वतःच बाहेर आला. एवढंच धाडस त्याच्याजवळ होतं, आणि ते नको तिथं खर्ची पडलं.

मावशींनी वकिलांना फोन लावला. आधी फौजदार बोलला, मग त्यानं फोन परत दिला.

"मावशी, तुम्ही बोलावलंत?"

"सवयीनं हो. मनानं नाही."

"ते मी कोर्टात सांगेन. ऐकतील की नाही, सांगता येत नाही. आत्ता अडवू नका, नाहीतर त्याचाही गुन्हा होईल. त्याला म्हणावं, मी येईपर्यंत तोंड उघडू नकोस. निघालोच."

मावशींनी निरोप दिला. मुलानं मान हलवली. पण त्याची हनुवटी आतापासूनच थरथरत होती, आणि ती फौजदारालाही दिसत होती.

सून सासूकडे बघून गप्प राहिली. जन्मभर पुरेल एवढं बोलायचं कारण तिला आयतं मिळालं होतं, आणि तिनं ते वापरलं नाही. मावशींना तेच सोसवेना. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

मुलाच्या सदऱ्याचं छातीवरचं बटण तुटलं होतं.

"असा नेणार याला?" मावशी म्हणाल्या. "एवढं लावू द्या."

फौजदार मशीनशेजारच्या स्टुलावर बसला. "लावा की. आम्हाला कुठं घाई आहे?"

मावशींनी सुई ओवली. अंगावरच्या सदऱ्याला बटण लावणं हे त्यांच्या हातचं चुटकीसरशी होणारं काम. आज त्यांनी ते नवशिकीसारखं चालवलं. टाका घातला, उसवला, पुन्हा घातला. सुईच्या टोकाखाली मुलाचं काळीज धडधडत होतं. वकिलांची गाडी वाजते का, म्हणून सुनेनं खिडकी गाठली होती. रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. मग कोणीच नाही.

महिला शिपाईनं बराच वेळ तिकडे बघायचं टाळलं. शेवटी तीच हळू म्हणाली, "मावशी, घट्ट बसलंय आता."

बसलं होतं. आणखी टाके घातले असते तर कापड फाटलं असतं. मावशींनी मुलाच्या छातीशी तोंड नेलं आणि दातांनी दोरा तोडला.