गुळाची दशमी

हल्ली शनिवार-रविवार आला की मेढ्याच्या चौकात सायकलवाल्यांच्या टोळ्या उतरतात. डोक्यावर टोपडी, अंगाला चिकटलेले रंगीबेरंगी कपडे आणि सायकली अशा की एका हाताने उचलाव्यात. त्या सायकलींना कॅरिअर नसतं. जिच्यावर मागे माणूस बसवता येत नाही ती सायकल कसली, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही. परवा त्यातला एक पोरगा चहाच्या टपरीवर मला म्हणाला, "आजोबा, इथून समुद्रापर्यंत जायची जुनी वाट शोधतोय आम्ही. पूर्वी कुणी गेलं असेल का हो सायकलनं?"

"गेलं असंल की," मी म्हटलं आणि बशीतला चहा फुंकत बसलो. त्याला काय सांगणार? ती निम्मी वाट आता कोयनेच्या धरणाच्या पाण्याखाली आहे. आणि आम्ही गेलो होतो ते काही समुद्र बघायला नव्हे.

शेहेचाळीस सालची गोष्ट. मी विशीतला. माझे आईबाप मी लहान असतानाच गेले, म्हणून बापाच्या बहिणीने, राहीबाई आत्तीने, मला आपल्या घरी आणून वाढवलं. तीही तरुणपणीच विधवा झालेली. घरात ती, तिचा एकुलता एक लेक जोतिबा आणि मी. जोतिबा माझ्याहून थोरला. मला पोहायला त्याने शिकवलं, म्हणजे वेण्णेच्या डोहात ढकलून दिलं आणि काठावर हसत उभा राहिला. पुढे तो पलटणीत गेला. लग्नासाठी रजेवर आला तेव्हा सांगलीहून सायकल विकत घेऊन आला. मिरजेला ती रेल्वेत टाकली, सातारा रोड स्टेशनवर उतरवली आणि तिथून घंटी वाजवत थेट गावात. लग्न झाल्यावर नव्या नवरीला, रंगूला, कॅरिअरवर बसवून त्याने मेढ्याचा बाजार दाखवला. सगळं गाव दात काढत होतं आणि रंगू पदरात तोंड लपवून हसत होती. तिचं ते हसणं पुन्हा बघायला मला पुढे काही वर्षं थांबावं लागलं.

चव्वेचाळीस साली, लढाईच्या दिवसांत, जोतिबाचं जहाज मुंबईहून निघालं आणि अरबस्तानाच्या वाटेवर बुडालं. तार आली, देह काही आला नाही. दर्भाचा देह करून सगळं पार पाडलं, पण दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. कावळे होते, झाडावर बसून बघत होते. आत्ती एकेक सांगत गेली, तुझी गाय सांभाळीन, तुझ्या मित्राला अंतर देणार नाही. ऊन डोक्यावर आलं तरी एक खाली उतरला नाही. शेवटी दर्भाचाच कावळा करून शिववला. पण भावकीच्या मनात राहिलंच, की पोराची काहीतरी इच्छा मागे राहिली.

ती इच्छा कोणती हे नाथाजीमामांनी ठरवून टाकलं. नाथाजीमामा म्हणजे आत्तीचे दीर, पेन्शनीत आलेले सुभेदार. माणूस वाईट नव्हता, पण आपल्याला माहीत नाही असं जगात काही असतं हे त्यांना मान्य नव्हतं. आमच्यात विधवेचा पाट लागायचा, तिचं दुसरं लग्न होऊ शकायचं. रंगूचा बाप तेवढ्यासाठीच तिला न्यायला आला, तर मामा म्हणाले, "जोतिबाची इच्छाच ही, बायकूनं त्याच्या नावानं या घरात ऱ्हावं. म्हनून कावळा शिवला न्हाई. मेल्या मानसाची इच्छा मोडता व्हय?" बाप बिचारा खाली मान घालून गेला. आत्तीही काही बोलली नाही. रंगू तेव्हा विशीचीसुद्धा नव्हती.

सांगायला आता लाज कसली? ती मला आवडायची. मी तिला वैनी म्हणायचो, मान खाली घालून जेवायचो आणि गोठ्यात उभ्या असलेल्या जोतिबाच्या सायकलला नको इतकं तेल घालत बसायचो. ज्या भावाने मला पोहायला शिकवलं त्याची बायको आवडावी, याने माझा मलाच राग यायचा.

आत्ती दर अमावास्येला वेण्णेवर जायची. पळसाच्या पानाच्या द्रोणात गुळाची दशमी ठेवायची आणि पाण्यात सोडायची. जोतिबाला दशमी लय आवडायची. वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते, कृष्णा समुद्राला, आणि समुद्रात आपलं लेकरू. पोचत असेल, असा तिचा हिशेब. कुणी तिला कधी हसलं नाही. पण शेहेचाळीसच्या पितृपंधरवड्यात नाथाजीमामा नदीवर हातपाय धूत होते, त्यांनी द्रोण जाताना पाहिला आणि त्यांना राहवलं नाही.

"वैनी, आवं ही किस्ना उगवतीच्या समुद्राला जाती. तिकडं, पार मद्रास इलाख्यात. मी नकाशात बघितलंय. आपला जोतिबा हाय मावळतीच्या समुद्रात. तुमच्या दशम्या मद्राशी माशांनी खाल्ल्या असत्याल."

आत्ती पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी दोन वर्सं माजं लेकरू उपाशी हाय म्हना की."

त्या दिवसापासून तिच्या घशाखाली घास उतरेना. रंगू ताट वाढायची, ती बोटाने भात चिवडायची आणि उठायची. दसरा झाला, पाऊस उघडला, तशी एका सकाळी मला म्हणाली, "अर्जुना, ती सायकल पूस."

"कुटं जायचं?"

"समुद्राला. त्याला जेवाय घालते. आन कावळा का शिवला न्हाई ते त्यालाच इचारते."

निघताना तिने भावकीला दारात उभं केलं आणि चारचौघांत दिराला विचारलं, "भावजी, त्यो जे सांगंल ते ऐकाल न्हवं?" मामांनी मिशीला हात लावला. मेलेला माणूस काय सांगतोय, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. "ऐकू की. माजा पुतन्याच हाय त्यो," ते म्हणाले. रंगूने दुधात मळलेल्या दशम्यांचं गाठोडं माझ्या हातात दिलं. "भावजी, हवा नीट भरा चाकात," म्हणाली, आणि आणखी काही म्हणायचं असल्यासारखी उभी राहिली.

ती वाट मी अजून डोळे मिटून चालू शकतो. मेढ्याहून डोंगर ओलांडला की खाली बामणोलीचं खोरं, पिकलेल्या भाताने पिवळं झालेलं. सपाटीला आत्ती कॅरिअरवर बसायची, चढाला मी सायकल ढकलायचो आणि ती मागून चालायची. तिने सायकलला मनाने बैलच करून टाकलं होतं. चढ संपला की म्हणायची, "जरा थांब, दमली असंल," आणि सीटवरून हात फिरवायची. कोयना ओलांडायला लाकडाची होडी होती. होडीवाल्याने सायकल बघून डोकं खाजवलं. "हिला मानूस धरू का जनावर?" त्याने विचारलं. "लेकरू धर माजं," आत्ती म्हणाली. त्याने सायकल स्वतः उचलून आत घेतली.

त्या खोऱ्यात आम्हाला कुणी उपाशी जाऊ दिलं नाही. कुठे नाचणीची भाकरी, कुठे ताक. कुणाच्या ओटीवर निजलो त्यांची नावंही मी विचारली नाहीत, आता वाटतं विचारायला हवी होती. ते ओटे, ती भातखाचरं, होडीवाल्याचं वडाचं झाड, सगळं पाण्याखाली गेलं.

पुढे सह्याद्रीची धार आली. वर पोचलो तर अलीकडे एक ओहळ कोयनेकडे निघालेला आणि थोडं पलीकडे दुसरा, कोकणात उडी घेणारा. मी आत्तीला दाखवलं, ह्यो आपल्या बाजूला जातो आन त्यो त्याच्या समुद्राला.

ती दोन्हींच्या मधे उभी राहिली. "एवढंच अंतर व्हतं?" म्हणाली आणि पहिल्यांदा रडली. तार आली तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. मला वाटलं, आता ही इथेच दशमी सोडेल आणि आपण परत फिरू. माझे खांदे भरून आले होते, पुढे तर सायकल खांद्यावर घेऊनच उतरायचं होतं. मी तसं सुचवलंही. ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "वाटंत कुनाच्या तरी शेतात अडकंल. न्हाई गड्या, हातानं घालायची."

ती उतरण मी कशी उतरलो ते मलाच ठाऊक. सायकलचा दांडा खांद्यात रुतायचा, पॅडल कमरेत टोचायचं, आणि आत्ती मागून मला जपून म्हणायच्या ऐवजी सायकलला जपून म्हणायची. खेडला उतरलो, तिथून लाल मातीच्या चढउतारांवरून दापोली आणि मग हर्णै. शेवटच्या टेकाडावरून समुद्र दिसला तेव्हा आत्ती कॅरिअरवरून उतरली. "एवढं पानी," म्हणाली. "आन माजं पोरगं एवढंसं."

किनाऱ्यावर पोचलो तर चाक बसलेलं. मी पंक्चर काढत होतो तोवर आत्ती मासळी वाळवणाऱ्या एका कोळणीपाशी जाऊन बसली. दोघी बराच वेळ बोलत होत्या. कोळीण हाताने समुद्राकडे दाखवून काहीतरी सांगत होती. मला वाटलं, बायकांच्या गप्पा.

पाणी तेव्हा मागे मागे चाललं होतं. ओली वाळू लांबपर्यंत चकाकत होती. मी म्हटलं, "आत्ती, सोडूया का?"

"थांब," ती म्हणाली. "त्याला येऊ दे."

आम्ही होड्यांच्या सावलीत बसून राहिलो. दुपार कलली. पाणी हळूहळू वळलं आणि आमच्याकडे यायला लागलं. मग आत्ती उठली. तिने द्रोणात दशमी ठेवली, गुडघाभर पाण्यात गेली आणि द्रोण सोडला. लाटेने तो उचलला आणि पुन्हा तिच्या पायांशी आणून ठेवला.

आत्तीने माझ्याकडे बघितलं. "अर्जुना, ध्यान दे," म्हणाली. मग समुद्राकडे तोंड करून मोठ्याने बोलायला लागली. "जोत्या, तुजी गाय मी सांबाळली. आता तिची कालवड सांबाळीन." द्रोण सोडला. लाटेने परत आणला. "तुज्या चुलत्याशी बांदावनं भांडनार न्हाई." परत. नदीवरचा तो दहावा जसाच्या तसा डोळ्यांपुढे आला. फक्त कावळ्याच्या जागी इथे लाट होती.

मग ती म्हणाली, "तुज्या बायकूला तुज्या नावानं घरात ठिवते."

द्रोण परत आला. दशमी भिजून लगदा झाली होती.

"बघितलंस?" आत्ती म्हणाली. "त्याची ती इच्छा न्हवती." तिने गाठोड्यातली शेवटची दशमी काढली. या वेळी द्रोण घेतला नाही. ती कमरेपर्यंत आत गेली, लाटेने तिचा पदर ओढला, मी धावलो तर तिने मानेनेच मला थांबवलं. "जोत्या, रंगूचा पाट लावून देते. चांगला मानूस बगून देते. आता जेव, बाबा." दोन्ही हातांनी दशमी तिने पाण्याखाली धरली. बराच वेळ धरली. हात वर आले ते रिकामे होते.

परतीच्या वाटेवर, बामणोलीच्या चढावर ती म्हणाली, "सायकल गोठ्यातच ऱ्हाऊ दे. तुलाच ठेव." माझे कान गरम झाले. मी घंटी नीट करायच्या निमित्ताने खाली वाकलो.

गावात मी डोळ्यांनी पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. माझा त्यावर पुरता विश्वास होता, म्हणून लोकांचाही बसला. मेल्या माणसाची इच्छा मोडता येत नाही, हे नाथाजीमामांचंच बोलणं होतं. माघात माझा आणि रंगूचा पाट लागला. मी आत्तीच्या माहेरचा, आडनाव वेगळं, त्यामुळे कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. पहिल्या बाजाराला मी तिला कॅरिअरवर बसवून मेढ्याला नेलं. जाताना ती गप्प होती. येताना हसली.

पुढे धरण झालं आणि पाणी भरायला लागलं, त्या वर्षी रंगू आणि मी आत्तीला घेऊन बामणोलीच्या वरच्या अंगाला गेलो. आत्ती पुरती थकली होती, पण ती वाट बुडायच्या आधी तिला बघायची होती. खाली लोक घरांची कौलं उतरवत होते. रंगू आमच्या पोरीला घेऊन कुणाची तरी भांडी बाहेर काढायला गेली. पाणी खाचरांतून सरकत वर येत होतं, होडीवाल्याच्या वडाच्या बुंध्याला लागलं होतं.

आत्ती म्हणाली, "हे पानी आता माघारी जात न्हाई. समुद्राचं बरं. येतं आन जातं."

"तुला गं काय म्हाईत?"

"त्या कोळनीनं सांगितलं व्हतं. भरतीच्या वक्ताला काय बी सोड, काठालाच येतं. सोडायचं तर पानी उतरताना सोड, म्हनाली."

होड्यांच्या सावलीत बसून राहिलेली ती दुपार आठवली. "म्हंजी तुला ठावं व्हतं?" मी म्हटलं. "मग जोतिबाची इच्छा?"

"आई हाय मी त्याची," आत्ती म्हणाली. "ती मला समुद्रानं सांगाय पायजे व्हय?"

खाली रंगू कुणाशी तरी बोलत हसत होती, इथवर ऐकू येत होतं. आत्तीने आपले दोन्ही तळवे उलटेसुलटे करून पाहिले.

"दशमी मातुर त्यानं खाल्ली," ती म्हणाली. "माज्या हाताला कळलं."