झोळीची गाठ

"मंजू, तुही सासू पाय घासत चालून राह्यली. बीपीची गोळी घेते ना रोज?"

गावातली आशा कार्यकर्ती समता हे विचारत होती, तेव्हा मंजुश्रीचं सगळं लक्ष बाळाच्या वजनकाट्यावर होतं. आई डोकं दुखलं की घेतात गोळी, तिने सांगितलं. आणि पायांचं म्हणाल तर वय झालं आता. समता आणखी काही बोलणार होती, पण तोवर मंजुश्रीने बाळाच्या मानेवरचं पुरळ तिच्यापुढे केलं.

तशी मंजुश्री बेफिकीर नव्हती. उलट धाड गावातल्या त्या गल्लीत तिच्या काळजीची थट्टाच व्हायची. पाणी उकळून गाळणार, जमिनीवर सांडलेला हरभऱ्याचा दाणा न् दाणा शोधणार, बाळ जरा जास्त झोपलं तर नाकापुढे बोट धरून पाहणार. "तू तं पोलिसात पाह्यजे होती," नवरा धम्मरत्न म्हणायचा. पण तो सगळा पहारा बाळावर. सासूबाई, जनकाबाई, उंबऱ्याशी थबकू लागल्या होत्या, फोडणी टाकून गॅससमोर नुसत्याच उभ्या राहू लागल्या होत्या. ते तिला दिसायचं, मनात मात्र शिरत नव्हतं.

बी.एस्सी. झालेली मंजुश्री जूनपासून गावातल्या खासगी शाळेत शिकवायला जाणार होती, ती जनकाबाईंच्याच भरवशावर. भरवसा ठेवावा अशीच बाई. कापूस वेचायला जायच्या तेव्हा शेताच्या बांधावरच्या, धुऱ्यावरच्या निंबाला सगळ्या बायांच्या लेकरांच्या झोळ्या ह्याच बांधायच्या. बांधली की आधी स्वतः लोंबकळून पाहायच्या, मगच लेकरू आत. माही गाठ कधी सुटली नाही, एवढाच त्यांचा दिमाख.

शाळा सुरू झाली, त्याच आठवड्यात मंजुश्री दुपारी घरी आली तर बाळ जमिनीवर रडत पडलेलं. जनकाबाई तुळईखाली, झोळीच्या लुगड्याची दोन टोकं दोन हातांत धरून उभ्या.

"काय झालं, आई?"

त्या टोकांकडेच पाहत राहिल्या. "सुरू कुठून करू, थे समजून नाही राह्यलं." मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "धम्याले नको सांगू माय. लेकरू काढून घेईल माह्यापासून."

सांगावं लागलंच. बुलडाण्याच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडासमोर धरला. मोठ्या रक्तवाहिन्या ठीक होत्या. पण आतल्या भागाला रक्त पुरवणाऱ्या, केसासारख्या बारीक वाहिन्या वर्षानुवर्षांच्या बीपीने जाड, कडक झाल्या होत्या. रक्त पुरेसं पोचलं नाही तिथे पांढरे डाग. मोठा झटका असा कधी आलाच नव्हता, म्हणून कोणाला कळलं नाही. बोलणं, माणसं ओळखणं शाबूत. अडखळत होती ती चाल, आणि कामाच्या पायऱ्या एकामागून एक लावणं. गेलेलं परत येणं कठीण, डॉक्टर म्हणाले, उरलेलं सांभाळा. गोळी रोज, डोकं दुखो न दुखो.

परतीच्या एसटीतच बाळाला दिवसा शेजारच्या पुष्पांजलीकडे ठेवायचं ठरलं.  झोळीच्या लुगड्याची घडी करून जनकाबाईंनी ती उशाशी ठेवली.

ती घडी मंजुश्रीला येता-जाता दिसत राहिली. एका रविवारी दुपारी तिने लुगडं उचललं, तुळईवरून टाकलं, पहिला पेच घातला आणि टोकं सासूच्या हातात दिली.

"पुढची गाठ तुम्ही मारा, आई."

हात थांबले. मग बोटांना वाट सापडली. एकदा सापडली तशी ती पूर्वीसारखीच भराभर चालली. गाठ आवळून जनकाबाई मागे सरकल्या.

"आधी तू लोंबून पाह्य," त्या म्हणाल्या. "मंगच लेकरू ठेव. माह्या गाठीचा आता भरवसा नाही."

मंजुश्री सगळा भार टाकून लोंबकळली. गाठ हलली नाही.

बाळ दिवसा अजून पुष्पांजलीकडेच असतं. रविवारची झोळी तेवढी घरची. आणि झोका देणाऱ्या सासूच्या हाताशी मंजुश्री बसलेली असते. भेटेल त्याला ती आता हेच विचारते, तुम्हालाही विचारेल: घरी म्हातारं कोण आहे? गोळी रोज घेतात, की डोकं दुखलं तरच? नुसता फोन करू नका, जाऊन या. बोलण्यावरून काही कळत नाही. त्यांना अंगणातून घरात येताना पाहा, पाय घासतात का, उंबऱ्याशी थबकतात का.