आधी माप, मग हार

मित्रांनो, माझ्या छातीवर एकपासून दोनशे दहापर्यंत आकडे कोरलेले आहेत आणि त्यांपैकी एकही आज खरा नाही. ही कबुली आरंभीच दिलेली बरी. मी उंची मोजण्याचा एक जुना सागवानी खांब आहे. लालबागमधील एका चाळीच्या तळमजल्यावर आमचे व्यायाममंदिर आहे. तेथे पूर्वेकडच्या भिंतीला, मारुतीच्या तसबिरीपासून चार हातांवर, मी पंचेचाळीस वर्षे उभा आहे. इतकी वर्षे मी कोणाचीही उंची कमी सांगितली नाही, जास्त सांगितली नाही. मग माझ्याकडून एक मोठी चूक घडली. ती माझी होती की नव्हती, हे तुम्हीच ठरवा.

मला गुणाजींनी घडवले. ते मालवणकडचे, गिरणीच्या सुतारखान्यात कामाला होते. मोडीत निघालेल्या एका पेटाऱ्याचे सागवान त्यांनी मागून आणले, रंधा मारून सरळ केले आणि त्यावर पितळी पट्टी बसवली. पट्टीवरची प्रत्येक रेघ त्यांनी हाताने ओढली. डोक्यावर टेकवायची आडपट्टी इतकी नेमकी बसवली की ती कागदाच्या जाडीएवढीही हलत नसे. शेवटी त्यांनी पितळेची एक दांडी कापली, बरोबर एक मीटर लांबीची. तिच्या टोकावर पंच ठोकून ‘१ मी.’ अशी खूण केली आणि ती माझ्या शेजारी खिळ्यावर टांगली. तिचे नाव तपासदांडी.

‘‘ही कशाला?’’ तेव्हाच्या एका पैलवानाने विचारले होते.

‘‘खांब सगळ्यांका मापता,’’ गुणाजी म्हणाले. ‘‘खांबाक कोण मापतलो?’’

दरवर्षी खंडेनवमीला व्यायाममंदिरातल्या सगळ्या साधनांची पूजा होई. डंबेल्स, मुद्गल, वजनकाटा आणि मी, अशा सगळ्यांना हार पडत. परंतु माझ्यापाशी आल्यावर गुणाजी हाराची परडी खाली ठेवत. तपासदांडी माझ्या पायाशी जमिनीवर उभी करत आणि तिचे वरचे टोक माझ्या शंभराच्या रेघेला भिडते का, ते डोळा बारीक करून पाहत. लाकूड फुगले असेल, झिजले असेल, तर आधी दुरुस्ती. मुले घाई करू लागली की त्यांचे एकच उत्तर असे, ‘‘आधी माप बघूचा, मगे हार घालूचो.’’

ते आणखी एक गोष्ट सांगत. शून्य म्हणजे लाकडाचे टोक नव्हे, तर माणसाचा तळपाय जेथे टेकतो ती जागा. हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे त्याची गरज पडेल.

माझे ते दिवस मानाचे होते. पोलीस भरतीला निघालेली मुले आधी माझ्यापुढे उभी राहत. परळहून, माझगावहून माणसे येत. ‘‘गुणाजींचा खांब बोलला म्हणजे बोलला,’’ असे म्हणत. गुणाजींचा नातू वैभव तर माझ्याच सावलीत वाढला. दर वाढदिवसाला आजोबा त्याला माझ्यापुढे उभे करत आणि बाजूच्या भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढत. विसाव्या वर्षी शेवटची रेघ पडली, एकशे अडुसष्ट. त्याच वर्षी गुणाजी गेले.

त्यांच्यानंतर त्यांची सून शेवंती, म्हणजे वैभवची आई, दर खंडेनवमीला झेंडूचा हार घेऊन येऊ लागली. ‘‘मामंजींचो हात लागलेलो खांब,’’ असे म्हणून ती मला हळदकुंकू लावी, हात जोडी. तिच्या भक्तीत काडीचीही उणीव नव्हती. माप बघण्याचे काम मात्र कोणीच उचलले नाही. तपासदांडी कोणीतरी खिळ्यावरून काढली आणि खिडकीवर दोन हुकांत आडवी बसवली. तिच्यावर मुले ओले पंचे वाळत घालू लागली. खरे सांगणारी ती एकटीच होती. ती माझ्या नजरेसमोर पंच्यांखाली झाकून पडली होती, आणि मला हाक मारता येत नव्हती.

गेल्या वर्षी मे महिन्यात व्यायाममंदिराला देणगी मिळाली आणि नवी फरशी घालायचे ठरले. मिस्त्रीने जुनी शहाबादी फरशी उखडली नाही. तिच्यावरच सिमेंटचा मसाला पसरून चकचकीत पांढऱ्या लाद्या चिकटवल्या. माझ्यापाशी आल्यावर त्याने लादीला माझ्या पायाच्या आकाराची खाच पाडली आणि मला गळ्यापर्यंत नव्हे, पण घोट्यापर्यंत पुरले. काम सुबक झाले. सर्वांनी वाखाणले. जमीन मात्र दीड सेंटिमीटर वर आली होती आणि मी जेथे होतो तेथेच राहिलो होतो. माझे शून्य लादीखाली गेले.

त्या दिवसापासून माझ्यापुढे उभा राहणारा प्रत्येक जण दीड सेंटिमीटरने उंच होऊ लागला. तक्रार कोणी केली नाही. उंची वाढल्याची तक्रार कोण करतो?

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास वैभवने ठरवले की आपण क्लासिक शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत उतरायचे. तो आता सत्तावीस वर्षांचा होता, माझगावच्या गोदीत वेल्डर होता. पाळ्या बदलत्या असल्यामुळे तयारीला नियम राहत नसे. मनू नावाच्या सहकाऱ्याने एका हंगामापुरती आपली दिवसपाळी त्याला देऊ केली. ‘‘एकदाच हां वैभव,’’ मनू म्हणाला होता, ‘‘पुढच्या वर्षी माझ्या पोरीची दहावी आहे. मला संध्याकाळी घरी बसायला लागेल.’’ म्हणून वैभवच्या हाती हा एकच हंगाम होता.

त्याला शिकवणारा यतीन दादरचा, रीतसर प्रशिक्षण घेतलेला. स्पर्धेची नियमपत्रिका त्याने आरशावर चिकटवली आणि माझ्याच समोर उभे राहून समजावून सांगितली.

‘‘हे बघ वैभ्या, क्लासिक म्हणजे गोणी भरायची नाय. मूर्ती घडवायची. खांदे रुंद पाहिजेत, कंबर बारीक, आणि पोटरी दंडाला शोभली पाहिजे. पोट आत ओढून उभं राहता आलं पाहिजे. एकच अवयव फुगलेला दिसला की परीक्षक मार्क कापतात.’’

‘‘आणि वजन?’’

‘‘तीच तर गंमत. वजन तू ठरवायचं नाय, तुझी उंची ठरवते. तुझ्या गटात उंचीतून शंभर वजा, वर दोन किलो. त्याच्यावर एक ग्रॅम पण चालत नाय. चल, उभा रहा आजोबांच्या खांबाला.’’

वैभव उभा राहिला. टाचा माझ्या पायाशी, पाठ ताठ. यतीनने आडपट्टी खाली आणली आणि मोठ्याने वाचले, ‘‘एकशे साडेएकोणसत्तर. म्हणजे साडेएकाहत्तर किलोपर्यंत मुभा.’’

वैभव वळून भिंतीवरच्या शेवटच्या रेघेकडे पाहू लागला. ‘‘सर, आजोबा असताना मी एकशे अडुसष्ट होतो.’’

त्या एका क्षणी माझ्या आशा पल्लवित झाल्या. रेघ तेथेच होती. तिच्यापासून नव्या लादीपर्यंतचे अंतर कोणी मोजले असते तरी पुरे होते.

‘‘वीस वर्षांचा होतास तेव्हा पाठीत पोक काढून चालायचास,’’ यतीन हसला. ‘‘दोन वर्षं व्यायाम करून सरळ झालास. आणि खांब काय खोटं बोलतोय? तुझ्याच आजोबांचा आहे ना?’’

हे शेवटचे वाक्य वैभवला पटले. आजोबांवरच्या विश्वासानेच त्याचे डोळे बंद केले, आणि तो विश्वास माझ्या नावाने होता.

पुढचे चार महिने मी त्याची तपश्चर्या पाहिली. सकाळी गोदी, संध्याकाळी व्यायाम. उकडलेली अंडी, भाकरीचा मोजलेला तुकडा. शेवंती डबा घेऊन येई आणि म्हणे, ‘‘तोंड कसा झाला बघ, सुकलेल्या करवंदासारखा. आजो असतो तर तुका दोन मासे खाऊक घातल्याशिवाय सोडतो नाय.’’ तो हसून डबा उघडी. आरशासमोर उभा राहून, परीक्षकांना चारही बाजू दाखवायची ती चौथाई वळणे घेई, पोट आत ओढून मनात वीसपर्यंत मोजी. घाम पुसून पंचा तपासदांडीवर टाकी. वजन साडेएकाहत्तरच्या किंचित खाली आणून ठेवायचे, म्हणजे देह भरीवही दिसेल आणि नियमातही बसेल, असा त्यांचा हिशेब होता. हिशेबात चूक नव्हती. ज्या आकड्यावरून तो मांडला तो आकडा मी दिलेला होता.

रोज तो पंचा टाकी आणि रोज मला वाटे, आज ती दांडी खाली पडावी. तिचा आवाज व्हावा, कोणी तिला हातात घ्यावे, टोकावरची खूण वाचावी. पण ज्या हुकांत ती अडकली होती ते घट्ट होते.

फेब्रुवारीत दादरला स्पर्धा झाली. मी तेथे नव्हतो. जे घडले ते मला संध्याकाळी कळले. वैभव आणि यतीन परत आले आणि माझ्या समोरच्या बाकावर बसले. वैभवच्या अंगावरचा गडद रंग तसाच होता. मंचावर जाण्यासाठी लावलेला तो रंग मंचावर न जाताच परत आला होता.

उंची आणि वजन पाहण्याच्या टेबलावर गिरगावचे कमलाकांतराव नावाचे वयस्कर अधिकारी होते. त्यांनी पोलादी मापाने वैभवची उंची घेतली आणि सांगितले, ‘‘एकशे अडुसष्ट पूर्ण. मर्यादा सत्तर किलो.’’ काट्यावर वैभव एकाहत्तर किलो चारशे ग्रॅम भरला. नियमाप्रमाणे त्याला अर्धा तास मिळाला. रेनकोट चढवून तो सभागृहाचे जिने चढत-उतरत राहिला. पण दोन दिवस पाण्याचा घोटही जपून घेतलेल्या देहात गाळायला घाम उरला नव्हता. दुसऱ्यांदा काटा एकाहत्तरवर थांबला. यादीतले त्याचे नाव खोडले गेले.

‘‘तुम्ही पुन्हा मोजा म्हटलं मी त्यांना,’’ वैभव म्हणाला. ‘‘तीनदा मोजलं. तीनदा तेच. मग मी म्हटलं, तुमचं माप चुकीचं आहे, माझ्या आजोबांनी केलेला खांब पंचेचाळीस वर्षं बरोबर दाखवतोय. सगळे बघायला लागले, सर.’’

‘‘काय म्हणाले ते?’’

‘‘काही नाय. पत्ता विचारला.’’

यतीन माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘तुझ्या आजोबांचंच माप चुकलं असेल रे. हातानं केलेलं काम ते.’’

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला बोलता यावे असे इतके कधीच वाटले नव्हते. मला स्वतःसाठी काही म्हणायचे नव्हते. गुणाजींच्या वतीने एक वाक्य बोलायचे होते.

पुढच्या रविवारी कमलाकांतराव स्वतः आले. पांढरा सदरा, खांद्याला पिशवी. पिशवीत पोलादी टेप आणि भिंग.

‘‘वैभव, तू सर्वांसमोर बोललास त्याचा मला राग नाही,’’ ते म्हणाले. ‘‘दोन मापं एकमेकांशी भांडत असली की एक तरी तपासावं लागतं. माझं मी काल तपासून आणलं. आता तुझं बघू.’’

त्यांनी माझी पितळी पट्टी भिंगाखाली घेतली. दहा-दहा सेंटिमीटरचे अंतर टेपने मोजत ते वर गेले. ‘‘सुरेख. एक रेघ इकडची तिकडे नाही,’’ ते पुटपुटले. मग हात पुसायला त्यांनी खिडकीकडचा एक पंचा बाजूला केला आणि तेथेच थबकले. पितळेच्या टोकावरची खूण त्यांनी बोटाने चाचपली.

‘‘ही दांडी कोणाची?’’

‘‘ती होय? ती पंचे घालायची,’’ यतीन म्हणाला.

‘‘पंचे घालायला कोणी मीटर कापून त्यावर शिक्का मारतं का हो?’’

त्यांनी दांडी काढली आणि माझ्या पायाशी नव्या लादीवर उभी केली. तिचे टोक शंभराच्या रेघेवर थांबले नाही. ते एकशे एक आणि अर्धा एवढे दाखवत होते. कमलाकांतराव गुडघ्यांवर बसले, माझ्या पायाभोवतीची खाच पाहिली, तीत टेपचे टोक घालून खोली मोजली.

‘‘दीड,’’ ते म्हणाले. ‘‘तुझे आजोबा चुकले नाहीत, बाळा. खांबही चुकला नाही. जमीन वर आली. आणि त्यांनी ते बघण्यासाठी साधन करून ठेवलं होतं, ते तुमच्या डोळ्यांसमोर होतं.’’

वैभव खाली बसला. त्याने दांडी मांडीवर घेतली आणि तिच्यावरचा पंच्याचा ओलावा सदऱ्याने पुसला. ‘‘चार महिने माझाच पंचा होता हिच्यावर,’’ एवढेच तो म्हणाला.

‘‘आता काही होऊ शकतं का?’’ यतीनने विचारले.

‘‘नाही. स्पर्धा झाली. नियम सगळ्यांना सारखा.’’ कमलाकांतराव पिशवी उचलून उभे राहिले. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर, म्हणजे एकशे चाळीसच्या आसपास, हात ठेवला. ‘‘ह्याचं शून्य वर आणा. आजच.’’

तसे घडले नाही. मला वर घ्यायचे तर पायाशी दोन लाद्या फोडाव्या लागतील, असे मिस्त्रीने सांगितले. नव्या लाद्या फोडायला कार्यकारिणीचे मन होईना. शेवटी यतीनने एका कागदावर ‘दीड वजा करणे’ असे लिहून तो माझ्या छातीवर चिकटवला. वैभवने तपासदांडी पुन्हा तिच्या खिळ्यावर टांगली. त्यानंतर तो माझ्यापुढे कधी उभा राहिला नाही. मनूची पाळी मनूकडे परत गेली. आता वैभव संध्याकाळी गोदीत असतो. भिंतीवरच्या रेघा मात्र अजून आहेत.

परवा खंडेनवमी झाली. शेवंती हार घेऊन आली. परडी खाली ठेवून तिने आधी नव्या मुलांना विचारले, ‘‘माप बघितलात काय रे?’’

‘‘हो काकी, कागद लावलाय ना,’’ मुले म्हणाली.

तिचे समाधान झाले. तिने मला कुंकू लावले आणि हार घातला. यंदाचा हार जाड होता, भरघोस झेंडूचा. तो बरोबर त्या कागदावर आला.

मित्रांनो, आता संध्याकाळी एक नवा मुलगा येतो. पुढच्या स्पर्धेत उतरायचे म्हणतो. काल त्याने स्वतःच आडपट्टी डोक्यावर आणली, अंगठ्याने धरून ठेवली आणि वळून आकडा वाचला. त्याच्या चेहऱ्यावर हसू आले. मी ते हसू ओळखतो. दांडी माझ्या शेजारीच खिळ्यावर टांगलेली आहे. मला ती त्याच्या हातात देता येत नाही.

तुमच्या घरी, शाळेत, कामाच्या जागी जुने मापाचे साधन असेल, तर त्याला नमस्कार जरूर करा. पण हार घालण्यापूर्वी त्याचे शून्य एकदा पाहा. आणि कधी लालबागला आलात, तर आत या आणि माझ्या गळ्यातला हार थोडा बाजूला सारा.