गोड्या पाण्याचं रजिस्टर

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. माझ्या नवऱ्याचं नाव रंगराव, आणि जर्मनच्या लढाईच्या तिसऱ्या वर्षी, पेन्शनीत निघाल्यावर चौदा महिन्यांनी, त्यांना लोकसेवेची हुक्की आली.

कारकुनीपासून नायब तहसीलदारीपर्यंत त्यांची तीस वर्षं कचेरीत गेली. लोक सकाळपासून व्हरांड्यात उकिडवे बसायचे आणि हे आत पान लावत बसायचे. पेन्शन घेऊन सोनाळ्याला आलो, तर इथं कोणी आपणहून रामराम करीना. एकदा न्हाव्यानं सांगितलं, "बसा मालक, दोघं हायेत तुमच्या आंधी." हे घरी येऊन दोन दिवस अंथरुणात पडून होते. मी वैद्याला बोलावलं नाही. मला रोग माहीत होता.

मग कचेरीतला कोणी जुना स्नेही भेटला आणि म्हणाला, पेन्शनर माणसानं चार लोकांची सेवा केली तर सरकारातून सनद मिळते, दरबारात खुर्ची मिळते. झालं. दुसऱ्या दिवसापासून रंगराव येईल त्याला सांगू लागले की म्हातारपणी परोपकारासारखं औषध नाही, भूक लागते, झोप लागते, आत्मा शांत होतो. तीस वर्षं याच आत्म्याला दुपारच्या झोपेतून उठवायची चपराशाची छाती नव्हती.

त्यांनी पाणपोई काढायचं ठरवलं. ती गोष्ट चांगली होती, हे कबूल करते. सोनाळा सातपुड्याच्या पायथ्याशी, आमच्या विहिरींना गोडं पाणी. खाली वरवट बकालच्या बाजाराकडे निघालं की खारं पाणी लागतं, तोंडात धरवत नाही आणि त्यात डाळसुद्धा शिजत नाही. त्या वाटेवर वैशाखात गोड्या पाण्याचा घोट मिळणं म्हणजे काय, हे चालणाऱ्यालाच ठाऊक. पण चांगल्या गोष्टीची कचेरी कशी करावी हे रंगरावांकडून शिकावं.

वाटेवरच्या लिंबाखाली तीन रांजण मांडले. आमचा गडी शालिग्राम रोज पहाटे गाडीवर पिंप घालून पाणी आणून भरायचा, दिवसाकाठी एकच खेप. रांजणांपुढे टेबल, टेबलावर दौत, टाक आणि जाडजूड रजिस्टर. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, वय, घरात जाणते पुरुष किती, त्यांची नावं काय. हे सगळं सांगायचं, मग पाणी. पाणी द्यायला मी.

"जाणते पुरुष कायले पाह्यजेत तुमाले?" मी विचारलं.

"रकाना मोकळा दिसते नाही तं," रंगराव म्हणाले. "सायबापुढं कागद भरला पाह्यजे, अन्नपूर्णे. तुले कचेरीतलं काय समजते?"

लढाईचे दिवस. गावोगाव एकच बोलवा होती की सरकार आता जबरीनं भरती करणार, आधी नावं लिहून नेतात आणि मग शिपाई दारात येतो. आणि इथं सरकारी पागोटं घातलेला माणूस रस्त्यात टेबल टाकून घरातल्या पोरांची नावं विचारत होता. लोक दुरून टेबल बघत आणि मान खाली घालून निघून जात. पुढं दोन शेतांवर खाऱ्या पाण्याची विहीर होती, तिथं तोंड वाकडं करून चार ओंजळी पीत. एकजण तर मला ऐकू जाईल असंच म्हणाला, "पानी पाजून पोट्टे नेतात बे हे." पहिल्या महिन्यात शालिग्रामाचं नाव त्या रजिस्टरात एकोणीस वेळा लागलं, कारण दुसरं कोणी प्यालंच नाही.

तरी एक बाई एकदा थांबली. रुखमाबाई. डोंगराकडच्या वस्तीवरची, विधवा, दर बाजाराला डोक्यावर भाजीची पाटी घेऊन जायची. तिचं नाव मला नंतर कळलं. टेबलाकडे न बघता ती सरळ माझ्याकडे आली.

"बाई, पानी देता का?"

मी तांब्या बुडवला, वर काढला. तेवढ्यात रंगराव म्हणाले, "आधी नोंद. नाव काय तुमचं? मुलगे किती?"

तिनं रजिस्टरकडे पाहिलं, पाटी सावरली आणि चालू लागली. मी भरलेला तांब्या खाली ठेवला. रंगरावांवर हसणं सोपं होतं. पण तो तांब्या माझ्या हातात होता, आणि तो मी ठेवला. माझी मलाच किळस आली.

मग एका बाजाराच्या दिवशी मोठे साहेब दौऱ्यावर त्या वाटेनं जाणार असल्याची चिठ्ठी आली. रंगरावांनी वैशाखाच्या उन्हात काळा कोट घातला. साहेबांची मोटार आली ती तोंडातून वाफा सोडतच. साहेब सावलीत उभे राहिले. पाण्याला त्यांनी हात लावला नाही, त्यांच्याजवळ त्यांची बाटली होती.

साहेबांचा चपराशी डबे घेऊन माझ्याकडे आला. मी म्हटलं, "दादा, मोटारीले पाह्यजे तं पुढं हीर हाय."

"ते खारं पानी हाय, बाई. इंजिन खराब होते त्यानं."

माणसांची पोटं त्यानं खराब होत नव्हती बहुतेक. एक रांजण इंजिनात आणि वाटेसाठी डब्यांत गेला. दुसऱ्यानं मोटारीची चाकं आणि काचा धुतल्या. तिसऱ्यानं चपराशी आणि ड्रायव्हर यांनी हातपाय धुतले, डोक्यावर ओतून घेतलं. रंगराव दोन्ही हात जोडून म्हणत होते, "घ्या, घ्या, आपलंच आहे." तीस वर्षांत एवढा दानशूर चेहरा मी पाहिला नव्हता.

साहेबांनी रजिस्टर उघडलं, त्या दिवसाचं पान उलटलं आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर इंग्रजीत चार ओळी लिहून सही ठोकली. म्हणाले, हे पान अर्जाला जोडून पाठवा, सनदेचं होऊन जाईल, पण लवकर, मी पंधरा दिवसांत विलायतेला चाललो आहे. मोटार गेली. रंगराव त्या सहीवर फुंकर घालत होते, तान्ह्या पोराच्या डोळ्यांवर घालावी तशी. त्यांचे डोळे भरून आले होते.

आणि तेवढ्यात बाजाराकडून रुखमाबाई आली. ऊन डोक्यावर. तोंड काळवंडलेलं, ओठांना पांढरी पापडी, पाय एका जागी पडत नव्हता. ती टेबलाचा काठ धरून उभी राहिली.

"लिवा," ती म्हणाली. "लिवा काय लिवाचं ते. पन पानी द्या. ते खारं पोटात राह्यत नाही, दोनदा उलटलं मले."

मी पुढं झाले. "अहो, पानी तं..."

"थांब," रंगरावांनी मला हातानं अडवलं. टाक दौतीत बुडाला. खरी, चालती-बोलती नोंद समोर उभी होती. "नाव?"

"रुखमाबाई."

"मुलगे?"

तिनं रांजणाकडे पाहिलं. मग म्हणाली, "दोन. एक पंजाब नावाचा. एक उकंडा."

"वय?"

"थोरला इक्कीस. धाकट्याले मिसरूड फुटून राह्यली."

दोघांची नावं वयासकट कागदावर उतरली. मला माहीत होतं रांजणांत काही नाही. मी दुसऱ्यांदा गप्प बसले, मोजून तीन प्रश्नांएवढी. मग रंगराव म्हणाले, "द्या पाणी यांना."

मी तिच्यासमोर तिन्ही रांजण एकेक करून वाकडे केले. तळाशी चिखलाचं बोटभर पाणी होतं, तेही मोटारीच्या फडक्याचं.

रुखमाबाईनं रांजणात वाकून बघितलं, सरळ झाली आणि म्हणाली, "मंग ते नावं खोडा."

"रजिस्टरात खाडाखोड चालत नाही," रंगराव म्हणाले. "उद्या या, पाणी मिळेल. नोंद झाली आहे तुमची."

"पानी नको मले. माह्या पोरायचे नावं खोडा."

"बाई, असं करता येत नाही."

मी टेबलाजवळ गेले, रजिस्टर माझ्याकडे ओढलं आणि ते पान शिवणीपासून फाडलं. घडी करून तिच्या हातात दिलं.

"याच्यावर हायेत नं दोघायचे?" तिनं विचारलं.

"हाव. दोघायचे. आन् दुसरीकडं कुठंच नाहीत."

तिनं घडी चोळीत खोचली. रंगराव खुर्चीतून अर्धे उठले होते. कचेरीची भाषा कुठल्या कुठं गेली.

"मांगं सही हाय वं त्याच्यावर," ते म्हणाले. "सायबाची सही हाय, अन्नपूर्णे."

"मले माहीत हाय."

तोवर ती विहिरीच्या वाटेला लागली होती. रंगराव धावले. काळा कोट, साठीकडे झुकलेले गुडघे, पागोटं सुटून खांद्यावर आलेलं, आणि हाका चालू, "रुखमाबाई, थांबा, ओ रुखमाबाई." सरकारी माणूस नावानं हाक मारतो आहे म्हटल्यावर कोण थांबेल? ती पळत सुटली. बाजारातून परतणारे लोक वाटेच्या कडेला उभे राहून बघत होते. विहिरीच्या काठाशी तिनं चोळीतला कागद काढला, फाडला, पुन्हा फाडला आणि आत टाकला. मग वाकून त्याच विहिरीचं खारं पाणी काढलं आणि पिऊ लागली.

रंगराव बराच वेळ विहिरीत बघत राहिले. परत आले तेव्हा त्यांच्या तोंडातून शब्द नीट फुटत नव्हता. जीभ टाळ्याला चिकटली होती. ते लिंबाच्या बुंध्याला टेकून खाली बसले आणि माझ्याकडे हात पसरला.

"पानी दे वं."

"मोटारीत हाय," मी म्हटलं.