बाळ झाले तेव्हा कुलूप बंद होते

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी कुलूप आहे आणि आज मी जरा चिडूनच बोलणार आहे. माझ्या अंगावर हळदकुंकवाचे इतके थर बसले आहेत की किल्लीचे भोक बुजत आले आहे. आसपासच्या चार गावांतल्या बायकांनी मला हात जोडले, माझ्यापुढे नारळ ठेवले, एकीने तर मला चोळीचा खणही वाहिला. लोखंडाच्या कुलपाने खणाचे काय करायचे, हे तिलाच ठाऊक! आणि हे सगळे कशासाठी, तर जे काम मी केलेलेच नाही त्यासाठी.

माझा जन्म अमरावतीचा. ताहेर नावाच्या लोहाराने मला घडवले. त्या काळी दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला, म्हणून आमच्या वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते. नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे एक लहानसे गाव आहे. त्या गावात तोवर कुणी दाराला कुलूप लावत नसे, कुत्रे आत शिरू नये म्हणून नुसती कडी घालत. भाव चढला आणि एका वर्षात शेजारी शेजाऱ्याकडे वाकड्या नजरेने पाहू लागला. त्या गावचे खुशालराव ताहेरकडे आले. कुणाच्या बापाला फुटणार नाही असे कुलूप हवे, असे त्यांनी सांगितले.

ताहेरने मन लावून काम केले. माझ्या पोटात त्याने पोलादी कमान बसवली. कडी दाबली की मी बंद होतो, उघडायला मात्र किल्ली लागते. देताना त्याने बजावले, की किल्ली जपा, ती हरवली तर मलासुद्धा हे उघडता येणार नाही. खुशालराव खूश झाले. त्यांनी किल्ली कमरेच्या करदोड्याला बांधली. आंघोळीलाही ती सोडत नसत. त्यांची बायको पार्वताबाई हिलासुद्धा कापसाच्या खोलीत जायचे तर नवऱ्याला हाक मारावी लागे.

मीही तेव्हा तोऱ्यात होतो, खोटे कशाला बोलू? सागवानी दारावर लटकून मी ऐटीत ओसरीकडे बघत असे. त्या ओसरीवर दोनच दारे होती. एक कापसाच्या खोलीचे, आणि त्याला लागून खुशालरावांच्या सुनेचे. तिचे नाव सुभद्रा. दोन्ही खोल्यांत भिंत एकच, त्यामुळे तिकडचा श्वासही मला ऐकू येई.

सुभद्रेला पहिल्यांदा दिवस गेले होते. पहिले बाळंतपण माहेरी करायचे, ही रीत तुम्हाला माहीत आहे. तिचे माहेर अंजनगावचे. तिच्या आईने न्यायला दोनदा बैलांची बंडी पाठवली आणि खुशालरावांनी दोन्ही वेळा ती रिकामी परत धाडली. शेतात बोंडे फुटली होती. वेचणाऱ्या बायका मिळत नव्हत्या, मिळाल्या तर दुसरे त्यांना फितवून नेत होते. अशा वेळी घरचे दोन हात कसे सोडायचे? नववा महिना लागला तरी सुभद्रा ओटी बांधून कापसाच्या पऱ्हाटीत उभी राही. संध्याकाळी ती माझ्या दारात येऊन ओटीतला कापूस रिकामा करी आणि चौकटीला धरून थोडा वेळ डोळे मिटी. मला तेव्हाच त्या घराचा राग यायला लागला होता.

मग तो दिवस आला. आदल्या दिवशी खुशालराव चार बंड्या कापूस घेऊन अमरावतीला गेले होते, अर्थात किल्ली कमरेला लावूनच. सकाळी उजाडता उजाडता सुभद्रेच्या पोटात कळा सुरू झाल्या. सुईण माणिकबाई आली. गावातली अर्धी पोरे तिच्याच हातावर जन्मलेली. ती कामाला लागली, पण सूर्य डोक्यावर आला तरी बाळ हलेना. सुभद्रा अडली होती.

माणिकबाई घाबरली. इतक्या वर्षांत कमावलेले नाव डोळ्यांसमोर जाताना तिला दिसले असावे. ती ओसरीवर आली आणि म्हणाली, "घरात जे बांधलेलं हाय ते सोडा, झाकलेलं हाय ते उघडा. गाठ सुटल्याबिगर बाई सुटत नाई."

झाले! सगळे घर उठून पळायला लागले. मडक्यांची झाकणे निघाली, पेटी उघडली, बायकांनी वेण्या सोडल्या, पोत्यांच्या सुतळ्या कापल्या. शेजारच्या नत्थुजींनी गोठ्यात जाऊन बैल सोडले. ते बैल थेट नत्थुजींच्याच तुरीत शिरले आणि मदतीला आलेली निम्मी माणसे त्यांच्यामागे धावली. मला हसावे की रडावे कळेना. भिंतीपलीकडे सुभद्रा कण्हत होती आणि गाव बैल पकडत होते.

तेवढ्यात कुणाचे तरी लक्ष माझ्याकडे गेले. घरात एकच गोष्ट बंद उरली होती, आणि ती मी होतो.

सुभद्रेचा नवरा भगवंतराव लगेच तट्टावर बसून किल्ली आणायला अमरावतीच्या वाटेला लागला. त्याला जाताना बायकोशी दोन शब्द बोलायचेसुद्धा सुचले नाही. तो दुपार उलटून गेली तरी येईना, तेव्हा नत्थुजींनी घण आणला. दाराला हात लावायचा नाही, असे पार्वताबाईने आधीच बजावले, आत कापूस होता ना! म्हणजे मार खायचा तो मीच. एक घाव, दुसरा, दहावा. ताहेरचे काम पक्के होते. माझी कडी वाकलीसुद्धा नाही. मग पार्वताबाईने मला हळदकुंकू लावले, माझ्यापुढे पदर पसरला आणि नाक घासले. नत्थुजींनी पुन्हा घण उचलला. माणिकबाईसुद्धा खोली सोडून माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

मित्रांनो, मी काय करणार होतो? माझ्या पोटात एक कमान आणि थोडा गंज. त्या बाळाचा माझ्याशी काडीचा संबंध नव्हता. ओसरीवर वीस माणसे एका कुलपाभोवती गोळा झाली होती आणि जिचा जीव टांगणीला लागला होता ती पोर आत एकटी होती. तिला पाणी द्यायलाही कुणी नव्हते. मला तोंड असते तर मी एकेकाला नाव घेऊन झापले असते.

ते काम शेवटी सुभद्रेनेच केले. घणाच्या दोन घावांच्या मध्ये तिचा आवाज आला. ती ओरडली नाही. वैतागून, दम खात, पण स्पष्ट बोलली.

"माणिकबाई, त्या कुलपाले सोडा अन् मले धरा. मी उभी राहून पायतो."

माणिकबाईने कपाळाला हात लावला आणि ती आत धावली. पुढचे मी भिंतीतून ऐकले. सुभद्रा उठली, पडली, पुन्हा उठली. माणिकबाईच्या गळ्यात हात टाकून ती उभी राहिली. कळ आली की ती भिंतीवर मूठ आपटी, आणि तो हादरा माझ्या कोयंड्यापर्यंत पोचे. किती वेळ गेला कोण जाणे. उन्हे कलली, आणि धपकन माणिकबाई खाली बसल्याचा आवाज आला. बाळ झाले होते. मुलगी होती. मी तेव्हा घट्ट बंद होतो.

बाळ मात्र रडत नव्हते. माणिकबाई त्याची पाठ चोळत होती, सुभद्रा पुन्हापुन्हा विचारत होती, की काहून रडत नाई. आणि नेमके त्याच वेळी, वाटेतच गाठ पडलेले बापलेक अंगणात आले. पार्वताबाईने खुशालरावांना ओढतच माझ्याजवळ आणले. किल्ली फिरली, माझी कडी वर उडाली, आणि आत बाळाने टाहो फोडला.

पुढचे तुम्ही ओळखलेच असेल. कुलूप उघडले आणि बाळ आले, असा एकच गलका झाला. माणिकबाई बाहेर आली, तिने तो ऐकला आणि ती गप्प बसली. गाठ सोडायला तिनेच सांगितले होते, तेव्हा मान तिलाही मिळणार होता.

सुभद्रा दोन महिने धड बसू शकली नाही. तिला पुन्हा कधी दिवसही गेले नाहीत. पण ती जेव्हा जेव्हा सांगू लागे, की बाळ आधी झाले आणि कुलूप मागून उघडले, तेव्हा पार्वताबाई तिला तोडून टाकी. "तू शुद्धीवर कुठं होती वं?" असे म्हणे. नवराही हसे. त्या दिवसाची गोष्ट सांगताना घरातला प्रत्येक जण माझे नाव घेई, तट्टाचे घेई, पळालेल्या बैलांचेसुद्धा घेई. तिचे कुणीच घेत नसे.

एकदा घरात कुणी नसताना ती माझ्यापाशी आली. मुलगी तिच्या कडेवर होती.

"समदे म्हणतात तू सोडवलं," ती म्हणाली. "मग मी काय केलं रे त्या दिवशी?"

मित्रांनो, घणाचे घाव मी सोसले, पण तो प्रश्न मला सोसवला नाही.

मग अमेरिकेतली लढाई थांबली आणि कापसाचा भाव कोसळला. खोली रिकामी झाली. तिला कुलूप कशाला हवे? मला किल्लीसकट खुंटीवर टांगले. तिथे सुखाने गंजलो असतो, पण नाही! कुठे कुणी बाई अडली की मला न्यायला माणूस हजर. मला नेत, उघडत, ओवाळत. बाळ सुखरूप आले की श्रेय माझे. नाही आले तर दोष त्या बाईच्या नशिबाचा.

सुभद्रेच्या बाळंतपणानंतर तीन वर्षांनी नत्थुजींची मुलगी जमुना माहेरी बाळंतपणाला आली आणि अडली. माणिकबाई आता थकली होती. तिनेच मला मागवले. या वेळी मला सुभद्रा घेऊन गेली. अंगणात पाट मांडला होता, त्यावर मला उघडे ठेवले आणि घरातल्या साऱ्या बायका माझ्याभोवती बसल्या. आतून जमुनेचा आवाज येत होता. तोच आवाज, तसाच एकटा.

सुभद्रेने तो ऐकला. ती वाकली, तिने मला उचलले आणि सगळ्यांदेखत माझी कडी दाबली. मी खटकन बंद झालो. किल्ली तिने कमरेला खोचली.

बायका हबकल्या. नत्थुजी अंगावर धावून आले, की पोरीचा जीव घेतेस काय. सुभद्रा त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "आता हितं पाहाले काही नाई उरलं. चाला आत. एकीनं पाठ धरा, एकीनं पाणी द्या, बाकीच्या तिच्याशी बोला." आणि ती आत गेली. बाहेर बसून काय करायचे? बायकाही मागोमाग गेल्या. पाटावर मी एकटा राहिलो. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा वेळ होता.

दिवे लागायच्या आत जमुनेला मुलगा झाला. नत्थुजी बाहेर येऊन मला उलटेपालटे करून बघू लागले. कडी ओढून पाहिली, हलेना. कुलूप तर बंद आहे, मग हे झाले कसे, असे ते विचारत राहिले.

माणिकबाई मोरीत हात धूत होती. तिने वर पाहिले नाही.

"सुभद्रेच्या येळीही बंदच होतं," ती म्हणाली. "पोर आधी झालं. उघडलं मंग."

दारात उभी असलेली सुभद्रा मटकन उंबऱ्यावर बसली. ती हमसून हमसून रडली, आणि मग पदराने डोळे पुसत चांगलीच चिडून बोलली, "तीन वर्षं लागली वं तुमाले हे सांगाले."

त्या दिवसापासून जवळपासच्या कुणाला कळा लागल्या की लोक सुभद्रेला न्यायला येतात. दूरच्या गावांतून मात्र अजूनही नारळ घेऊन माझ्याकडेच येतात आणि मी अजूनही चिडतो. म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी कुणी बाळंत होणार असेल, तर माझ्यासारख्या लोखंडाच्या नादी लागू नका. तिच्याजवळ बसा. आणि नंतर ती त्या दिवसाची गोष्ट सांगू लागली, तर मधे तोंड घालू नका, तिला शेवटपर्यंत सांगू द्या.